ओढून बघ

"काकू, हे कोणी केलंय?"

एवढंच विचारलं होतं त्याने. मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. गोष्ट कसली, दोन मिनिटांचा प्रसंग, पण तो अजून कुसळासारखा टोचतोय म्हणून लिहितेय. आमच्या हॉलमधलं एक्स्टेन्शन बोर्ड, त्याची वायर मध्येच जळाली होती. सोसायटीत येतो तो इलेक्ट्रिशियन पोरगा, बावीस-तेवीसचा असेल, फरशीवर मांडी घालून बसला होता आणि वायरवरची काळी टेप नखाने सोलत होता. टेप वितळून चिक्कट झाली होती, तिचे तंतू निघत होते त्याच्या बोटांना. आतला जॉइंट दिसला तसा तो थांबला, आणि वर बघून त्याने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, नुसतं कुतूहल होतं. आणि मी, बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, फर्स्ट क्लास, एका सेकंदाचाही विचार न करता म्हणाले, "काय माहीत रे, आधीच्या कुणीतरी केलं असेल."

सासूबाई त्याच्यासाठी चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. तो जॉइंट गौरी बसायच्या आदल्या रात्री, मखराशेजारी बसून, त्यांच्या डोळ्यांदेखत मीच केला होता. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, कप त्याच्यापुढे ठेवला आणि आत गेल्या. आजपर्यंत त्या त्यावर एक शब्द बोललेल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

झालं असं होतं की वायर बाल्कनीच्या स्लायडिंग दारात येऊन तुटली होती. दुकानं बंद, सकाळी गौरी यायच्या, लाइटिंग लावायचं राहिलेलं. मग मी माळ्यावरून कॉलेजची सोल्डर गन काढली, पंचवीस वॉटची, बिट म्हणजे तिचं तापणारं टोक काळंकुट्ट पडलेलं. तारा सोलल्या, पीळ दिला, वरून सोल्डर टपकवलं, टेप गुंडाळली. तिन्ही दिवस दिवे छान लागले आणि मी मनातल्या मनात कॉलर ताठ करून घेतली. पुढे दीड महिन्याने त्याच बोर्डावर इस्त्री लावली तेव्हा आतून हाक आली, "काहीतरी जळतंय गं." जळक्या प्लॅस्टिकचा वास, गोडसर आणि घशात बसणारा. माझ्या हातात इस्त्री गरम होत होती आणि सोफ्यामागे माझा जॉइंट.

पोराने तो भाग पक्कडीने कापून बाजूला टाकला. म्हणाला, "नुसती वरून टेप मारलीय काकू, आत कायच धरलेलं नाही. आणि एवढ्या लोडच्या वायरला मध्ये जॉइंट मारायचाच नसतो, अख्खी वायर बदलायची." मग त्याने अख्खी वायर बदलली, पैसे घेतले, गेला. तो गेल्यावर मी केराच्या डब्यातून तो सहा इंचाचा तुकडा उचलून आणला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. (काकू म्हणाला याचाही थोडा राग होता, खोटं का बोला. अजून एकदा.)

रात्री सगळे झोपल्यावर टेबललँपखाली तो तुकडा नीट बघितला. तांबडी, काळी, हिरवी अशा तीन तारा. काळीचा जॉइंट जळालेला, तांब्याचे केस ठिसूळ होऊन तपकिरी झालेले, हात लावला की तुटत होते. पण मला जास्त लाज वाटली ती हिरवीची, जी जळाली नव्हती. तिच्यात मी काय केलंय ते जसंच्या तसं दिसत होतं. सोल्डरचा एक करडा गोळा, तारेवर बसलेला, पण तारेला न चिकटलेला. कडेला चक्क फट दिसत होती. अळवावरचं पाणी असतं ना, गोल गोल थेंब, पानावर असून पानाचा नसलेला, अगदी तसा. नखाने ढकलला तर तो गोळा मण्यासारखा तारेवरून सरकला. मुलांच्या खेळातला मणी. पृथ्वीची, म्हणजे अर्थिंगची तार होती ती. ज्या तारेवर वेळ आली तर घरातल्या माणसाचा जीव अवलंबून, तिच्यावर मी मणी ओवून ठेवला होता.

आणि मला हे येत होतं. न येणाऱ्याने केलं असतं तर वेगळं. मला अकराव्या वर्षी येत होतं.

माझ्या मामाचं मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बाजूला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, त्यात उघडी पोटं घेऊन बसलेले रेडिओ, लाउडस्पीकरचे कर्णे, ॲम्प्लिफायर, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी दुरुस्तीला देऊन विसरलेलं भिंतीएवढं रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत, ज्यावर मामा डबा खायचा. मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो. बाकीची भावंडं पत्ते कुटत बसायची आणि मी मामाच्या स्टुलावर. वास होता त्या खोलीला. राळेचा धूर, गरम झालेल्या व्हॉल्व्हवरची धूळ, मामाची विडी, आणि मागच्या गटाराचा, आता प्रामाणिकपणे लिहायचंच म्हटलं तर. गन ठेवायला मामाने सायकलचा स्पोक वाकवून स्टँड केला होता, आणि बिट पुसायला बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात ओल्या फोमचा तुकडा. त्यावर बिट टेकलं की 'चस्स' व्हायचं. तो आवाज आला की मामाचं काम मनासारखं चाललंय असं समजायचं. बराच वेळ नाही आला तर बाहेर जाऊन बसायचं.

राळ मामा विकतची आणायचा नाही. आमच्या तिथे सतारमेकर गल्ली जवळच. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या पोरांनी पुढे तंबोरे-सतारी घडवायला घेतल्या, त्याला आता दीडशे वर्षं उलटून गेली, ते मिरजेच्या माणसाला काय सांगायचं. तर व्हायोलिनच्या, सारंगीच्या गजाला लावायची जी राळ असते, मधाच्या रंगाची, काचेसारखी फुटणारी, तीच मामाची फ्लक्स. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडाचा चीक तो. गजाच्या केसांना लावली की तार धरून ठेवते आणि गरम तांब्यावर लावली की त्यावरचा गंज खाऊन टाकते. मामाला कुणीतरी तंबोरेवाले फुटके तुकडे द्यायचे, बदल्यात मामा त्यांचा रेडिओ फुकट बघून द्यायचा. लहानपणी मला वाटायचं की राळ लावल्यामुळेच मामाच्या रेडिओतून गाणं येतं. तसं बघितलं तर फार चुकीचंही नव्हतं.

पहिल्या मे महिन्यात मामाने मला गनला हात लावू दिला नाही. नुसत्या तारा घासायच्या. अर्धं ब्लेड आणि पॉलिश पेपरचा तुकडा द्यायचा आणि जुन्या तारांची गुंडाळी पुढ्यात टाकायचा. "तांबडी दिसली पाहिजे. नवरीसारखी." काळपट, हिरवट तार घासून गुलाबी तांबं वर आलं की लगेच काम करायचं, पुन्हा हवा लागून मळायच्या आत. दुसऱ्या वर्षी पीळ. आणि पीळ म्हणजे दोन टोकं शेजारी धरून शेंडी वळावी तसा नाही. तारा एकमेकींवर फुली करून ठेवायच्या आणि मग डावीचं टोक उजवीभोवती, उजवीचं डावीभोवती, पाच-सहा घट्ट वेढे, एकाला एक खेटून. मामा त्याला तारवाल्यांचा जॉइंट म्हणायचा. पुढे कॉलेजात वाचलं की त्याला वेस्टर्न युनियन स्प्लाइस म्हणतात, अमेरिकेतल्या तार कंपनीचं नाव आहे ते, खांबांवरच्या तारा ताणाखाली सुटू नयेत म्हणून असा जोड. जितकं ओढाल तितका आवळतो. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, शेवटच्या दिवशी लोकांनी हौसेने रांगा लावून एकमेकांना तारा केल्या होत्या. मला तेव्हा का कुणास ठाऊक तो जॉइंटच आठवला होता. कुठेतरी गवतात पडलेल्या तारेवर कुणाच्या तरी हातचे सहा वेढे अजून तसेच घट्ट बसलेले असणार.

पीळ झाला की मामा म्हणायचा, "ओढून बघ." सोल्डर लावायच्या आधी. दोन्ही हातांनी, खच्चून. सुटला तर पुन्हा. सोल्डर हे गाठ मारायचं सामान नव्हे, हे त्याचं म्हणणं. धरायचं काम तारेने तारेला धरून करायचं, सोल्डरने फक्त मधली फट भरायची, हवा-पाणी आत जाऊ द्यायचं नाही. शिसं आणि कथील, दोन्ही मऊ धातू, त्यांच्या जिवावर कसला ताण टाकतेस?

मग तिसऱ्या वर्षी गन. आणि इथेच सगळे चुकतात, मीही चुकले, आणि तीस वर्षांनी मखराशेजारी बसून पुन्हा तीच चूक केली. आपल्याला वाटतं गनने सोल्डर वितळवायचं आणि तारेवर सोडायचं. मेणबत्तीचं मेण सोडतात तसं. मामा मनगट धरायचा. "तिला नको तापवू, ह्याला तापव." बिट खालून जॉइंटला टेकवायचं, बिटाच्या टोकावर सोल्डरचा एक बारका थेंब असू द्यायचा म्हणजे उष्णता पटकन जाते, आणि वाट बघायची. सोल्डरची तार वरच्या बाजूने, जॉइंटला लावायची, बिटाला नाही. तांबं पुरेसं तापलेलं नसेल तर ती नुसती टोचत राहते. आणि मग एका क्षणी, अगदी एका क्षणी, ती मऊ पडते आणि आत शिरते. शिरतेच. वेढ्यांच्या फटींमधून, तांब्याच्या केसाकेसातून, खालून वरून, गरम भाकरीवर तूप पसरावं तशी. राळेच्या धुराची एक बारीक रेघ वर जाते आणि जॉइंट आरशासारखा चमकतो. तो क्षण मी इतक्या वर्षांत आयुष्यात दुसऱ्या कशात बघितला असेल तर पोळी फुगते तेव्हा.

आणि मग सगळ्यात अवघड भाग, काहीच न करणं. बिट काढायचं आणि हलायचं नाही. साठ-चाळीसचं सोल्डर, साठ टक्के कथील आणि चाळीस शिसं, साधारण १९० डिग्रीला पूर्ण पातळ होतं आणि १८३ ला पूर्ण घट्ट. मधल्या त्या सात डिग्रीत ते ना धड पातळ ना धड घट्ट, पिठल्यासारखं असतं. तेवढ्यात हात हलला की आत बारीक बारीक भेगा पडतात, वरचा आरसा जाऊन दव पडल्यासारखी पांढुरकी खरखर येते. दिसायला जॉइंट, आतून फुटलेला. मामाचं त्यासाठी घड्याळ होतं, 'शुभं करोति कल्याणम्' पासून 'दीपज्योती नमोस्तुते' पर्यंत. सावकाश म्हणायचं, मनात, आणि हात दगड. नमोस्तुते अजून आलं नाही तोवर तार सोडायची नाही.

वाड्यात कल्हईवाला यायचा तेव्हा मामा दुकान सोडून त्याच्यापाशी जाऊन उकिडवा बसायचा. भाता, लाल झालेलं पातेलं, नवसागराची चिमूट, भसकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फेर की काळं पातेलं चांदीचं. मामा मला म्हणाला होता, "हे नि मी एकच काम करतो बघ. त्याचा नवसागर, माझी राळ. त्याचं पातेलं, माझी तार. पण लोक त्याला दोन रुपये जास्त देतात, कारण त्याचं दिसतं." हे तो हसत म्हणाला होता, पण मला वाटतं त्याला ते लागत असावं. रेडिओचं झाकण लावलं की मामाचं सगळं काम आत.

मामाच्या काउंटरवर, कॅलेंडरच्या शेजारी, एक खिळा होता. त्यावर नापास जॉइंट टांगलेले असायचे. दुरुस्तीला आलेल्या सेटमधून निघालेले, हाताखालच्या पोरांनी केलेले, आणि दोन-तीन मामाचे स्वतःचे. त्यातला एक गणपतीतल्या कमानीचा. मिरजेच्या विसर्जनाच्या स्वागत कमानी म्हणजे काय प्रकरण असतं ते बघितल्याशिवाय कळायचं नाही, रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार-चार मजली उंच. एका वर्षी एका कमानीचं लाइटिंग मामाकडे होतं. रात्री मिरवणूक जोरात आली आणि खालून ढोल गेला की कमानीचा अर्धा भाग विझायचा, ढोल पुढे गेला की पुन्हा लागायचा. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय, टाळ्या वाजवल्या. मामा मात्र बांबूवर चढून अकरा ते दोन एकेका जॉइंटला नखाने टिचकी मारत होता. सापडला तो पहाटेच्या आधी. बाहेरून चकचकीत, आत तार नुसती टेकलेली, सोल्डरने धरलेलीच नाही. ढोलाच्या दणक्याने हलायची, सुटायची, पुन्हा टेकायची. तो मामाने स्वतः केलेला होता, घाईत, हे त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दाखवून सांगितलं आणि खिळ्याला लावला.

माझाही एक होता त्या खिळ्यावर. हिरव्या तारेचा.

आठवीत गेले त्या मे महिन्यात आजी म्हणाली, पोरीच्या जातीने बाजारात दुकानावर बसलेलं बरं दिसत नाही. माझ्या जागी स्टुलावर मामेभाऊ बसला, ज्याला क्रिकेट सोडून कशात रस नव्हता आणि जो पंधरा दिवसांत पळून गेला. मामा तेव्हा काही बोलला नाही. मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं की तो एक शब्द तरी बोलायला हवा होता. पण आजीसमोर मामा कशावरच बोलायचा नाही, हेही तितकंच खरं. मी हट्टाने इलेक्ट्रॉनिक्सला ॲडमिशन घेतली त्यात थोडा राग ह्याचा होताच. आणि गंमत बघा, चार वर्षांच्या इंजिनियरिंगमध्ये मी नीट असा एकही जॉइंट मारला नाही. मिनी प्रोजेक्ट पुण्यातल्या बुधवार पेठेतून तयार आणला, सगळेच आणायचे, लॅबमध्ये सोल्डरिंग लॅब असिस्टंट करायचे आणि आम्ही जर्नल लिहायचो. जर्नलमध्ये मी 'कोल्ड जॉइंटची कारणे' (सोल्डर तारेला न चिकटता नुसतं बसतं तो कोल्ड जॉइंट) सुंदर अक्षरात लिहिली होती, आकृतीसकट. मग आयटीत गेले. आता मी जोडते ते सगळं स्क्रीनवर, आणि चुकलं तर कंट्रोल-झेड.

त्या तुकड्याचा हिशोब मात्र मी रात्री मांडला, तेवढं अजून येतं. हजार वॉटची इस्त्री, २३० व्होल्ट, म्हणजे साधारण सव्वाचार ॲम्पिअर करंट. माझ्या त्या टेकलेल्या जॉइंटचा रेझिस्टन्स समजा अर्धा ओहम धरला, जो काहीच नाही, तरी तिथे नऊ वॉटच्या वर उष्णता. माझी सोल्डर गन पंचवीस वॉटची. म्हणजे मी सोफ्यामागे, टेपमध्ये नीट गुंडाळून, एक छोटी गनच चालू ठेवली होती. तापलं की तांबं गंजतं, गंजलं की रेझिस्टन्स वाढतो, वाढला की अजून तापतं. आणि एमसीबी काय करत होता? झोपला होता, आणि त्यात त्याची चूक नाही. तो करंट जास्त झाला तर पडतो. खराब जॉइंटने करंट उलट किंचित कमीच होतो. शॉर्टसर्किट आरडाओरडा करून येतं, हे गुपचूप येतं. आपल्याकडे भिंतीतल्या बोर्डांमध्ये, पीओपीच्या मागे, पीळ-टेप-पीळ-टेप असं किती आहे याचा विचार मी तेव्हापासून शक्यतो झोपताना करत नाही.

(आणि त्या पोराचं बरोबर होतं. मेनच्या वायरला जॉइंट द्यायचाच नाही, सोल्डर केलेला चांगला जॉइंटसुद्धा नाही. आणखी एक, लोक वायरच्या टोकाला सोल्डर लावून ते प्लगच्या स्क्रूखाली आवळतात, छान दिसतं म्हणून. ते करू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, काही महिन्यांत स्क्रू ढिला. गाडीच्या वायरिंगमध्येही म्हणूनच जास्त करून सोल्डर नसतं, क्रिंप असतो, म्हणजे धातूची टोपी दाबून आवळलेला जोड. सोल्डर केसाकेसातून इन्सुलेशनच्या आत चढतं, तिथपर्यंत तार काडीसारखी कडक होते, आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. म्हणजे सोल्डर सगळीकडे देव नाही. पण जिथे आहे तिथे आहे.)

दोन दिवसांनी मामाला फोन केला. तो आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, दुकान कधीच गेलं, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतात. खोकतो पण. विडीचा का चाळीस वर्षांच्या राळेच्या धुराचा ते तो डॉक्टरलाही सांगत नाही. सगळे म्हणतात सोल्डरच्या धुरात शिसं असतं, तसं नसतं फारसं, त्या तापमानाला शिसं उडत नाही. ते हाताला लागतं आणि जेवणातून जातं, म्हणून मामा भाकरीआधी राखेने हात घासायचा आणि आम्हालाही घासायला लावायचा. धूर असतो राळेचा, आणि तो छातीला वाईटच. हे आम्हाला तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, आम्हाला तो वास आवडायचा.

पुण्यात पाऊस थांबला का वगैरे झालं. मग मी सांगितलं की एक्स्टेन्शनची वायर जळाली.

"जॉइंट होता काय मध्ये?"

"होता."

"कुणी मारलेला?"

तोच प्रश्न. हॉलमध्ये कुणी नव्हतं, सासूबाई देवळात गेल्या होत्या.

"मीच, मामा."

पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "घासल्या होत्यास काय तारा?"

"नाही."

"बिट पुसलंवतंस?"

"काळं होतं."

"ओढून बघितलंस?"

"नाही."

"हं." खोकला. "तुकडा ठेवलायस?"

"ठेवलाय."

"लाव खिळ्याला," म्हणाला, आणि फोन मामीकडे दिला.

पुढच्या शनिवारी मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या सामानाच्या बाजारात गेले. गर्दी, गाड्यांचे हॉर्न, दिवाळीच्या माळांचे ढीग, आणि दुकानदाराने गन पुढे ठेवताना विचारलं, "मुलाचं प्रोजेक्ट का मॅडम?" मी हो म्हणाले. (म्हणजे सुधारणा वगैरे काही झालेली नव्हती.) घरी आल्यावर जुन्या वर्तमानपत्रावर सामान मांडलं आणि नुसते जॉइंट मारत बसले. काही जोडायचं नव्हतंच, वायरचे चार-चार इंचाचे तुकडे करायचे आणि पुन्हा जोडायचे. नवऱ्याने दोनदा विचारलं नक्की काय चाललंय. एका जुन्या लाइटिंगच्या माळेच्या तारेवर सोल्डर काही केल्या बसेना, घासलं, राळ लावली, अर्धा तास डोकं फोडलं. मग ब्लेडने खोल खरवडल्यावर आतून पांढरी निघाली. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमवर हवा लागल्या लागल्या ऑक्साइडचा असा पापुद्रा धरतो की साधी राळ त्याला हात लावू शकत नाही. दुसरी एक माळ लोहचुंबकाला चिकटली, तिच्यात लोखंड. मामाच्या जमान्यात हा ताप नव्हता, तार म्हटलं की तांबं. आणि नवीन गनबरोबर मी चुकून बिनशिशाचं सोल्डर आणलं होतं, युरोपने २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आणल्यानंतर सगळीकडे आलंय ते. ते वितळतं २१७ च्या पुढे आणि चांगलं बसलं तरी चमकत नाही, मंदच दिसतं. मी चार जॉइंट नापास म्हणून तोडले आणि मग लक्षात आलं की ते पास होते. आरसा बघून पास करायची मामाची पद्धत तिथे चालत नाही. ओढून बघायची मात्र चालते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी ते तुपासारखं शिरणं परत जमलं. शुभं करोति पूर्ण म्हटलं, नमोस्तुतेपर्यंत. मग ओढलं, दोन्ही हातांनी. तार हाताला रुतली, जॉइंट तसाच. कुणाला दाखवावं असं वाटलं आणि घरात सासूबाई सोडून कुणी नव्हतं. त्यांनी चष्मा लावून बघितला, म्हणाल्या, "छान झालाय. तेव्हाचा असा नव्हता." बस. एवढंच. म्हणजे तेव्हाही त्यांनी नीट बघितला होता.

मार्चमध्ये बेडरूमचा पंखा हळू फिरायला लागला, कंडेन्सर गेला असणार, म्हणून पुन्हा त्याच पोराला बोलावलं. तो आला तेव्हा टेबलावर माझा पसारा तसाच होता, वर्तमानपत्रावर दहा-बारा जोडलेले तुकडे, गन, राळेची डबी, आणि मागच्या भिंतीवर एका खिळ्याला तो जळका सहा इंची तुकडा. तो बॅग खाली ठेवता ठेवता थांबला. भिंतीकडे बघितलं त्याने, मग टेबलाकडे. मी सांगायचं ठरवलं होतं, वाक्य तयार होतं. त्याने पसाऱ्यातला एक तुकडा उचलला, अंगठा फिरवला जॉइंटवरून, आणि दोन्ही हातांच्या मुठींत टोकं धरून एकदम खच्चून ओढला. मग परत ओढला, पीळ देऊन. मग तो तुकडा जिथे होता तिथे, त्याच ओळीत ठेवला.

"काकू," तो म्हणाला, "शिडी आहे का?"